बुजवलेला चर

बायको गेली, तिला हे ठाऊक नव्हतं. मुलांना ठाऊक नाही. ज्या मित्रांबरोबर पानाचा डबा पुढं ओढून मी जगातल्या झाडून साऱ्या लबाड्यांवर बोललो, त्यांनाही नाही. मग तुम्हालाच का? – तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि आता दमलो आहे. एखादी गोष्ट लपवून ठेवायलाही अंगात जोर लागतो.

मी वकील. निजामाच्या राज्यात, आमच्या बीडकडं, वकील म्हणजे फार मोठा माणूस नव्हे. उर्दूतला कागद वाचून दाखवला की लोक हात जोडतात, इतकंच. त्या जोडलेल्या हातांना मी मनात हसायचो. दौऱ्यावर येणाऱ्या साहेबांच्या अचकनीला, त्यांच्या घोड्यापुढं धावणाऱ्या पाटलांना, फुलांच्या कमानींना – सगळ्यालाच हसायचो. तो माझा लौकिकच होता. म्हणून पुढचं सांगणं जास्त जड जातं.

नांदूरघाटच्या शिवारात मी एक रान घेतलं होतं. काळी जमीन, आणि मधून गेलेला एक खोल चर. रानात जिरून उरलेलं पाणी त्या चरानं खालच्या ओढ्याला जायचं. जुन्या मालकाच्या आज्यानं तो खणला होता म्हणे. मी विहीर पाडली, मोट लावली, ऊस केला, लिंबं लावली. हैदराबादेहून शेतीची उर्दू पुस्तकं मागवली. लोक त्या रानाला 'वकीलसाहेबांची बाग' म्हणू लागले आणि मला ते आवडू लागलं. हे इथंच कबूल केलेलं बरं.

मग तालुकदारसाहेबांचा, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याचा, दौरा निघाला. बाग बघायला येतो म्हणाले. शामियाना ठोकायचा कुठं? चराच्या अलीकडं थोडी जागा, पलीकडं थोडी. मी गडी लावले आणि चर बुजवून टाकला. वर गालिचा अंथरला. साहेब आले, उसाकडं पाठ करून बसले, सरबत प्यायले, माझ्या घोडीची चौकशी केली आणि गेले. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे घडलं असतं तर मी वर्षभर तो किस्सा रंगवून सांगितला असता!

शामियाना उतरला. चर तसाच राहिला – बुजलेला. सलग रान दिसायला छान दिसत होतं.

पुढं काय झालं असेल ते शेतकऱ्याला सांगायला नको. मोटेचं पाणी पडत राहिलं, त्याला बाहेर जायला वाट राहिली नाही. एका उन्हाळ्यात ढेकळांवर पांढुरकी खपली दिसली. पुढच्या उन्हाळ्यात ती पसरली. होळीनंतर विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं, लिंबं शेंड्याकडून वाळली. शेजारच्या रानातला बापूराव बांधावर बसून, चार माणसांत मोठ्यानं म्हणाला, "वकीलसाहेब, औंदा बाजारातून मीठ कशाला आणता? रानातच पिकलंय की!"

सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन पुस्तकं काढली. त्यांत होतं – अगदी स्पष्ट होतं – की पाण्याला वाट नसली की जमिनीच्या पोटातला क्षार वर येतो. उपायही होता. चर काढा, पावसाचं पाणी त्यातून वाहू द्या, काही वर्षांत रान धुऊन निघतं. गावाला वाटत होतं विहिरीचं पाणीच अवलक्षणी. खरं काय ते मला एकट्याला कळलं होतं.

मग चर उकरला का नाही? उकरता आला असता. पण गाव विचारणार, बुजवला कशाला होता? आणि मी काय सांगणार – गालिच्याला सुरकुती पडू नये म्हणून?

पुस्तक मिटलं आणि रान विकायला काढलं. पैशाची नड नव्हती. तसली सबब माझ्यापाशी नाही.

किसन आणि गया, नवरा-बायको, पाटोद्याकडून आले. तिकडं त्यांचं माळरान होतं. हातभर मातीखाली मुरूम. ते विकून त्यांना काळं रान घ्यायचं होतं, ओलिताचं. दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतं. त्यांना मी कार्तिकात बोलावलं. मुद्दाम. पावसानं खपली धुऊन गेलेली असते, गवत हिरवं असतं, विहिरीत वरचं नवं पाणी असतं.

आमच्याकडं विहिरीचं रान घेताना एक रीत पाळतात. त्याच विहिरीच्या पाण्यात, तिथंच, तुरीची डाळ शिजवून बघतात. पाणी खारं असलं तर कितीही जाळ घाला, डाळ टणक ती टणकच राहते. गयानं डाळ घरून पदराला बांधून आणली होती, माझी घेतली नाही. पाणी स्वतः शेंदलं. तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या. किसन विहिरीकडं बघत नव्हता, बायकोच्या तोंडाकडं बघत होता. त्या घरात शेवटचा शब्द कुणाचा होता ते त्या बघण्यावरून कळत होतं.

डाळ शिजली. तिनं दोन बोटांत दाणा चिरडला, जिभेला लावला.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "दादा, उन्हाळ्यात बी असंच ऱ्हातं का पानी?"

सगळ्या व्यवहारात तिनं विचारलेला हा एकच प्रश्न. आणि नेमका.

"असंच," मी म्हणालो. "बारा महिने."

कचेरीत मी कितीतरी खोटे जबाब ऐकले आहेत. खोटं बोलणारा लांबण लावतो, त्यावरून ओळखू येतो. मी लांबण लावली नाही.

तुम्हाला वाटेल, हेच ते. एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे बहुधा कुणाला सांगितलंही नसतं – लबाडीनं जमीन विकणारा मी काही पहिला नव्हे. पण ते एवढ्यावर थांबलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात दोघं माझ्या घरी आले. मी भांडणाच्या तयारीत होतो. कायद्यानं काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. ते भांडायला आलेच नव्हते. ओसरीच्या कडेला टेकले. किसन म्हणाला, "वकीलसाहेब, आमचंच कायतरी चुकलं. तुमच्या हातात बाग हुती, आमच्या हातात मीठ झालं. बापूराव म्हनतो, रान आधीच बिघडल्यालं हुतं. मी म्हनलं, वकीलसाहेब खोटं कशापायी बोलतील?"

मग बायकोकडं न बघता म्हणाला, "हिनंच पारख केली. हिच्या डाळीपायी पाटोद्याचं रान गेलं."

गया खाली बघत होती. हळूच म्हणाली, "दादा, माजी जीभ चुकली का?"

काय बोलायला हवं होतं? 'चर उकरा.' दोन शब्द. तेवढ्यानं रान वाचलं असतं. किंवा नुसतं 'नाही' म्हटलं असतं, तर ती तरी वाचली असती. जीभ तिची चुकली नव्हती. तिनं बरोबर पाणी चाखलं होतं, बरोबर प्रश्न विचारला होता.

मी बोललो. पाणी जास्त दिलंत, शेणखत कमी पडलं, माळावरच्या माणसाला काळ्या रानाची सवय नसते, बाईमाणसाच्या अंदाजावर एवढा व्यवहार करू नये – बराच वेळ बोललो. या वेळी लांबण लावली. दोघं मान हलवत होते. जाताना तिनं हात जोडले.

रान पडीक पडलं. किसन युसूफ वडगावला एका पाटलाकडं सालगडी म्हणून राहिला. काही वर्षांनी त्याच पाटलांनी कागद वाचायला मला बोलावलं. ते विहिरीचं एक रान घेत होते. विहिरीवर माणसं जमली होती, दगड मांडून ठेवले होते. पाटील म्हणाले, "गयाबाई, टाक बघू डाळ."

ती पुढं आली नाही. "दुसऱ्या कुनाला सांगा, मालक. माजी जीभ खोटी हाय."

"तिला नका इचारू," किसन बैलांजवळून ओरडला. "येक रान बुडवून बसलीय ती!" माणसं हसली. तीही थोडी हसली, सवयीनं हसावं तसं. डाळ दुसऱ्याच बाईनं शिजवली.

मग गयानं मला पाहिलं. पदर सावरला, तांब्या भरून आणून दिला. "बरं हाय न्हवं, दादा?" म्हणाली. मी पाणी प्यायलो. पाणी गोड होतं. नंतर मी कागद वाचून दाखवला, खणखणीत आवाजात, एकही शब्द न अडखळता.

गया अजून युसूफ वडगावातच आहे. घोडीवरून अर्ध्या दिवसाची वाट. आणि मी इथं बसून हे तुम्हाला सांगतो आहे.