विहीणबाई आणि माझं सक्तीचं आजारपण

माझ्या विहीणबाईंना या जगात एकच गोष्ट बघवत नाही, आणि ती म्हणजे दमलेली बाई. त्यांना पसारा बघवतो, भांडण बघवतं, बिनमिठाची आमटी तर त्या तक्रार न करता पिऊन जातात. पण कोणी ओट्याला टेकून "आज बूडसुद्धा टेकलं नाही हो" म्हणालं, की यांचा चष्मा नाकावर येतो आणि पर्समधून वही निघते. पस्तीस वर्षं त्या एका बस डेपोत ड्यूट्या लावायच्या कामावर होत्या. कोण रजेवर, कोण आजारी, कोणाच्या जागी कोण, सगळं त्यांच्या हातात. निवृत्त झाल्या, त्यांच्या मुलाचं माझ्या मुलीशी लग्न झालं, मंडळी मीरा रोडला राहायला आली, आणि चार महिन्यांत त्यांना शोध लागला की इथे घराघरांतून बायका काही ना काही धंदा करतायत आणि एकीलाही सुट्टी नाही. झालं, त्यांचा डेपो पुन्हा सुरू झाला.

कोणी बोलावलेलं नसताना त्या जातात. नमस्कार, चहापाणी वगैरे नंतर, पहिला प्रश्न, "शेवटच्या आजारी कधी पडला होतात?" समोरची अभिमानाने सांगते, "छे हो, मला आजारी पडायला वेळ कुठाय!" हे उत्तर त्यांच्या मते तापापेक्षा वाईट. पेणकरपाड्यातल्या एका पार्लरवालीला दुपारचं जेवायला चार वाजायचे. विहीणबाई आठवडाभर रोज एकच्या ठोक्याला तिच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसल्या आणि ती जेवून हात धुईपर्यंत उठल्या नाहीत. आलेल्या बायकांना सांगायच्या, "खुर्ची बंद आहे, दोनला या." आठव्या दिवशी पार्लरवालीने स्वतःच दारावर 'एक ते दोन बंद' अशी पाटी लावली. नया नगरात कपडे शिवणाऱ्या एक आपा आहेत, ईदच्या आधी त्या कोणालाच नाही म्हणत नसत. त्यांना विहीणबाईंनी आपल्या खास हिंदीत झापलं, "आपा, मशीन को टाइम पे तेल देते ना? फिर तुमको जेवण कोण देगा?" आपांना जेवण हा शब्द कळला की नाही कोण जाणे, पण त्या हसता हसता रडायला लागल्या, आणि तेव्हापासून रमजानच्या पंधराव्या दिवशी त्यांचं कापड घेणं बंद होतं.

हे सगळं मी कौतुकाने ऐकत होते, कारण ते दुसऱ्यांच्या घरी चाललं होतं. विहीण म्हणजे मानाची बाई. तिला साडी नेसवावी, पाटावर बसवावं, तिने आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून "हा डबा इथे का?" असं विचारू नये, अशी माझी साधी अपेक्षा. मी भाईंदरला घरातून उकडीचे मोदक करते. वर्षभर थोडेथोडे, आणि गणपतीत विचारू नका. खारीगावातली सुनंदा आणि तिच्या दोन जावा मदतीला असतात, पण उकड मात्र माझ्याच हातची. अशात मुलीला दिवस गेले आणि डॉक्टरांनी तारीख दिली ती नेमकी गणपतीच्या आठवड्यातली. मी म्हटलं, "होईल सगळं, मी आहे ना." विहीणबाईंनी चष्मा खाली घेतला. "तुम्ही आहात हाच तर प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "एका बाईने बाळंतपण आणि मोदक दोन्ही करायचे? मग पोरीला मी माझ्याकडेच ठेवून घेते."

त्या रागावून बोलल्या नव्हत्या, म्हणूनच ते फार लागलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं नाही, तर मग आई कशाला व्हायचं? आणि गणपतीतच दार बंद केलं, तर सुनंदा आणि तिच्या जावांनी काय करायचं? त्या दिवशी मी हट्ट सोडला आणि विहीणबाईंच्या ताब्यात गेले.

त्यांनी आधी माझा अंदाज जप्त केला. मी मूठ भरून गूळ घेतला की त्या ती मूठ काट्यावर रिकामी करायला लावत. "मूठ म्हणजे किती?" मी म्हणे, "मूठ म्हणजे मूठ!" मग मोदकपात्रं किती, दिवसाला त्यात किती घाणे निघतात याचा हिशोब झाला आणि तेवढ्याच ऑर्डरी घ्यायच्या असं ठरलं. मला नाही म्हणता येत नाही हे कळल्यावर त्या स्वतः गिऱ्हाईक झाल्या आणि काकुळतीला येऊन एकवीस मोदक मागू लागल्या. मी तीनदा हो म्हटलं, चौथ्यांदा कुठे नाही म्हणायला जमलं. बाळंतिणीच्या खोलीशेजारी दिवसभर धग नको म्हणून सगळी भांडी खारीला, सुनंदाच्या पडवीत गेली. आणि एका मंगळवारी सकाळी त्या दारात उभ्या राहिल्या. "आज तुम्ही आजारी. काय झालंय ते तुम्हीच ठरवा."

मी पाठदुखी निवडली, ती खरीच होती. त्यांनी माझा मोबाइल पर्समध्ये टाकला आणि मला खाडीकाठच्या बाकावर नेऊन बसवलं. इतकं निवांत बसायची सवय नसल्यामुळे मला दरदरून घाम फुटला. तीन तासांनी खारीला गेलो तर सुनंदा रडवेली होऊन बसलेली, आणि पुढ्यात चाळीस मोदक, एकूण एक फुटलेले. "बघा!" मी म्हणाले. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. विहीणबाई मात्र खूश. "छान! आजच फुटले. आता सांगा, हिला काय सांगायचं राहिलं होतं?" मी एक फुटका मोदक उचलून बोटांनी चेपून बघितला. मग आठवलं, त्या दिवशी नव्या तांदळाचं पोतं उघडलं होतं. नव्या तांदळाच्या पिठाला पाणी कमी लागतं, ते मी वीस वर्षं डोळ्यांनीच ठरवत आले होते. सुनंदाला हे कळणार कसं? त्यानंतर मी आणखी पाच वेळा आजारी पडले. शेवटच्या आजारपणात एकही मोदक फुटला नाही.

हरतालिकेच्या दिवशी सकाळीच मुलीला कळा सुरू झाल्या. मी खारीला पीठ मोजत होते. सुनंदाने माझ्या हातातलं माप काढून घेतलं. "ताय, तुमी जा. काय न्हाय होत. मी हाय ना." संध्याकाळी नात झाली. गणपतीच्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलात फोन हातात धरून बसले, तो वाजेचना. न राहवून मीच लावला. "ताय, हात उकडीत हायत, मागनं करते," म्हणून सुनंदाने तो कापलाच. माझ्याच धंद्याने मला वाटेला लावलं होतं. हायसं वाटलं आणि थोडं रडूही आलं, दोन्ही खरं.

चौथ्या दिवशी मुलगी आणि नात घरी आल्या. दुपारी बेल वाजली, दारात विहीणबाई. सगळ्यांना हुकूम सोडणारी ही बाई चपलाही न काढता उंबऱ्याबाहेर उभी. "बारशाच्या आधी आम्ही सासरच्यांनी यायचं नसतं, ठाऊक आहे मला," त्या तोंडातल्या तोंडात म्हणाल्या. "पण दुपारच्या तुम्ही जरा पडत असाल, तर तासभर बाळाजवळ बसले असते."

मी त्यांना हाताला धरून आत घेतलं. मुलगी झोपली होती. मी खाली चटईवर आडवी झाले. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं आणि खूप वेळ नुसतं बघत राहिल्या. मग अगदी हळू, तिलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "तुझ्या बापाला मी असं बघितलंच नाही गं. तीन महिन्यांचा होता, कामावर गेले. परत यायचे तेव्हा झोपलेला असायचा."

मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घेतले. तास झाला, दोन तास झाले. मला झोप लागली नव्हती, पण मी उठले नाही.