गिटारच्या पोटातली घूं घूं

माणूस तसा कानाचाच. श्रवणयंत्रांच्या दुकानात त्याची उभी हयात गेली. समोरच्याच्या कानात यंत्र बसवायचं, आवाज कमीजास्त करायचा आणि विचारायचं, "येतंय ऐकू?" कुणी म्हातारे गृहस्थ कुरकुरले, की यंत्रात सारखं घूं घूं होतंय, तर त्याचं उत्तर ठरलेलं. "सवय होईल, आजोबा."

पन्नाशीला टेकल्यावर त्याला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची हुक्की आली. कॉलेजात असताना चार गाणी वाजवली होती, ती अजून बोटांत आहेत असा त्याचा समज. घेतली तीही साधीसुधी नाही. अर्धी भरीव, अर्धी पोकळ, छातीवर दोन लांबट वळणदार भोकं आणि रंग पिकल्या चेरीचा. ती गळ्यात अडकवून दुकानाच्या आरशासमोर उभा राहिला, तर स्वतःचं पोटसुद्धा जरा आत गेल्यासारखं वाटलं. तिथेच तो फसला.

घरी आणून अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, तर न वाजवताच आवाज सुरू. घूंऽऽऽ. तारांवर हात ठेवला की कमी, उचलला की पुन्हा मोठा.

"अहो, मिक्सर चालू राहिलाय का?" बायकोने आतून विचारलं.

"जुन्या धाटणीच्या गिटारी अशाच असतात," तो ऐटीत म्हणाला. "सवय होईल."

रविवारी त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आपल्या फर्निचरच्या गोदामात ड्रम बडवायचा. तिथे हाही जाऊ लागला. पहिल्याच रविवारी मेहुणा म्हणाला, "भाऊजी, गाणं संपलं तरी तारांवरचा हात काढू नका. बाहेर ट्रक उभा आहे असं वाटतं." मग तारांवर एक हात ठेवून दुसऱ्याने पाणी प्यायचं, नाकाला खाज सुटली तरी सहन करायची, असा त्याचा संगीताचा अभ्यास सुरू झाला.

त्याने आधी घरावर संशय घेतला. ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला, शेवटी फ्रिजची पिन काढली. आवाज थोडा कमी झाला, तो खूश झाला आणि पिन परत लावायला विसरला. दुसऱ्या दिवशी सगळं दूध नासलं.

"गुरगुर गिटारची आणि शिक्षा फ्रिजला," बायको पातेलं घासता घासता म्हणाली.

त्याच आठवड्यात दुकानात एक आजी आल्या. यंत्रात घूं घूं होतं म्हणाल्या. 'सवय' हा शब्द ओठांवर आला आणि तिथेच अडकला. "कधी होतं, आजी? हात लावल्यावर कमी होतं का?" त्याने विचारलं. यंत्र उघडलं, आतली एक सैल वायर पक्की केली, आवाज गेला. आजींनी भरभरून आशीर्वाद दिले. तो मात्र मनात म्हणत होता, अरे गाढवा, हेच घरी का नाही करत?

घरी येऊन भोकातून टॉर्च मारून पाहिलं, तर गिटारच्या आतल्या वायरी उघड्या होत्या, घरभरची वीज त्यांच्यात येऊन गुणगुणत होती. त्यांच्या जागी जाळीचं कवच असलेली वायर घालायची, आवाज टिपणाऱ्या पिकपच्या खळग्यांना तांब्याचा पातळ पत्रा चिकटवायचा आणि सगळं अर्थिंगला जोडायचं. हरभऱ्याएवढी यंत्रं उघडणाऱ्याला एवढी मोठी गिटार म्हणजे किस झाडकी पत्ती!

पण या गिटारला मागे झाकणच नव्हतं. सगळा कारभार त्या वळणदार भोकातून. त्याने आतली बटणं, स्विच, वायरी असं सगळं भोकातून बाहेर ओढलं आणि नव्या वायरींना सोल्डरचे झकास डाग दिले. मग लक्षात आलं की हे आतड्यांचं गाठोडं त्याच भोकातून आत घालून प्रत्येक बटण आपापल्या छिद्रातून वर काढायचं आहे. चिमटा झाला, तार झाली, जीभ बाहेर काढून झाली. बटण छिद्रापर्यंत यायचं आणि आत पडायचं.

"सरका," बायको म्हणाली. तिने शिवणाचा दोरा घेतला, वरच्या छिद्रातून आत सोडून भोकातून बाहेर काढला, बटणाच्या दांडीला बांधला आणि अलगद ओढला. बटण निमूटपणे वर आलं. "आयुष्यात कधी पायजम्याची नाडी ओवली असती तर जमलं असतं."

संध्याकाळी त्याने मेहुण्याला मुद्दाम बोलावून घेतलं. गिटार जोडली, अ‍ॅम्प्लिफायर लावला, तारांवरचे हात उचलून वर धरले. "आहे का घूं घूं?"

"अजिबात नाही!" मेहुणा म्हणाला. "आता वाजवा."

त्याने झोकात हात मारला. काही नाही. आवाज वाढवला. काही नाही.

"भाऊजी, तुम्ही रोगाबरोबर पेशंटही घालवलात."

नव्या वायरच्या जाळीचा एक केसाएवढा धागा भलत्या टोकाला टेकला होता, सगळा आवाज अर्थिंगमध्येच जात होता. पुन्हा सगळं बाहेर, त्या टोकावर चिकटपट्टी, पुन्हा सगळं आत. या वेळी बायकोने एक अक्षर न बोलता दोरे ओवले, आणि तेच त्याला जास्त लागलं.

रविवारी गोदामात गिटार अगदी शांत. त्याने वाजवायला सुरुवात केली आणि आजवर त्या गुरगुरीच्या आड जे जे दडलं होतं, ते सगळं उघडं पडलं. अर्धवट दाबलेल्या तारा, चुकीच्या जागी पडलेली बोटं, सुरावरून सुरावर उशिरा येणारा हात. मेहुण्याने ड्रम थांबवले.

"भाऊजी... तुम्ही आधीपासून असंच वाजवत होता?"

"बहुतेक," तो म्हणाला. मग त्यालाच हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना. बोटांत उरलेली चार गाणी म्हणे!

आता तो रीतसर शिकायला जातो. शिकवणारी मुलगी त्याच्या निम्म्या वयाची. "काका, अंगठा मागे," एवढंच ती दर वेळी सांगते आणि दर वेळी त्याचा अंगठा पुढे असतो. रविवारी तो दोनच गाणी वाजवतो. बाकीचा वेळ लाकडी खोक्यावर बसून मेहुण्याचे ड्रम ऐकतो. गाणं रंगात आलं की मेहुण्याचा ताल हळूच पुढे पळतो, हे हल्ली त्याच्या कानाला कळायला लागलंय. अजून तसं तो बोललेला नाही.