गौर उठल्यावर बघू

प्रमिलाबाईंना दुपारी झोप लागत नाही, आणि लागली तरी त्या कबूल करत नाहीत. आज तर त्या आडव्याही झालेल्या नाहीत. मिरजेतल्या बहिणीच्या घरी, माजघरात, पुस्तकांच्या ट्रंकेला पाठ टेकून त्या नुसत्या रागावून बसल्या आहेत. डोळे मिटलेत तेसुद्धा रागानंच. बाहेर चैत्राचं ऊन रणरणतंय, डोक्यावरचा पंखा दर फेरीला कुरकुरतोय आणि स्वयंपाकघरात भाची ऋजुता कैऱ्या किसते आहे. किसणीच्या प्रत्येक आवाजासरशी बाईंचा पारा चढतो.

भांडण सकाळी झालंय. ऋजुता परवा पुण्याहून आली ती चैत्राच्या आराशीचं बोलतच. तिची आई सुलोचना, म्हणजे बाईंची थोरली बहीण अक्का, जाऊन अजून वर्ष व्हायचंय. अशा घरात सण नसतो, गौर बसत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ही म्हणते, "गौर नाही बसवत मावशी. नुसती पुस्तकं मांडू, पन्हं देऊ, डाळ करू. गल्लीतली मुलं मला दारातच विचारायला लागली."

"ह्या पुस्तकांनीच तुझी आई खाल्ली," प्रमिलाबाई म्हणाल्या. ट्रंकेला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि ठाण मांडून बसल्या.

पुस्तकं कसली, तर लहान मुलांची. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, पिवळी पडलेली, टाचण्या गंजलेली. दर पाडव्याला वडील साखरेच्या गाठीबरोबर दोघी बहिणींत मिळून एक पुस्तक आणायचे. अक्कानं ती जिवापाड जपली, आणि लग्नानंतर चैत्रगौरीपुढे त्यांचीच आरास मांडायला लागली. पायऱ्यापायऱ्यांवर पुस्तकं उघडून ठेवायची आणि प्रत्येक पानापुढे त्या चित्रातली वस्तू खरीखुरी मांडायची. होडीच्या चित्रापुढे कलिंगड कोरून केलेली होडी. बेडकांच्या वरातीपुढे काकडीचे बेडूक, मिऱ्यांच्या डोळ्यांचे. 'चैत्रबाळाची टोपी' हे सगळ्यात वरच्या पायरीवर. त्यातला टकलू चैत्रबाळ वेशीवर उभा आणि त्याला टोपी कुणी द्यायची म्हणून सगळी झाडं आपसांत भांडतायत. त्याच्यापुढे पळसाच्या पानांची टोपी. आणि दरवर्षी एक वस्तू अक्का मुद्दाम चुकीच्या पानापुढे ठेवायची. जो पोरगा किंवा पोरगी ती ओळखेल, त्याला पन्ह्याचा दुसरा पेला. निम्मी मिरज त्या दुसऱ्या पेल्यावर वाढली.

गेल्या चैत्रात डॉक्टरांनी अक्काला सांगितलं होतं, हृदयाचं काम आहे, ह्याच आठवड्यात भरती व्हा. पण तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसली होती. गौर म्हणजे महिनाभर माहेराला आलेली लेक. तिला घरात एकटी टाकून यजमानिणीनं इस्पितळात जाऊन झोपायचं नाही, हा अक्काचा नियम. कुठल्या पोथीत लिहिलाय देव जाणे. "गौर उठल्यावर बघू," त्यांना म्हणाली. अक्षय्य तृतीयेला गौर उठायची, आणि चार दिवस आधी अक्काच उठून गेली.

इस्पितळाची फाईल सापडली ती नंतर, ट्रंकेत, पुस्तकांच्या खाली, आणि डॉक्टरांना तिनं काय उत्तर दिलं होतं तेही तेव्हाच कळलं. ऋजुतानं तेव्हा विचारलं होतं, "मावशी, तुला तरी आई काही बोलली होती का गं?" आणि बाई म्हणाल्या होत्या, "मला कोण सांगतंय?"

हे खोटं होतं. त्या खोट्यावर ऋजुता वर्षभर आईवर जळफळते आहे, कुणालाच सांगितलं नाहीस, आम्ही एवढे परके होतो का, म्हणून. आणि बाई गप्प आहेत. पण ते राहू दे, कारण आता बाईंची मान कलली आहे.

किसणीचा आवाज चालूच आहे. फक्त आता तो माजघरातून येतोय. समोर पाटावर अक्का बसली आहे, हिरवं इरकल नेसून, आणि कैरी किसते आहे. पमाला नवल वाटत नाही. हो, इथे ती पमाच आहे. अक्कापुढे ती कधी प्रमिलाबाई झालीच नाही.

"किल्ली दे," अक्का म्हणते. बरी आहेस का नाही, काही नाही.

"नाही देत."

"पमे, मुलं खोळंबलीत."

"खोळंबू देत. मुलं दिसतात तुला. आम्ही नाही दिसलो? काकडीला डोळे लावत बसलीस आणि मेलीस. लाज वाटायला पाहिजे!"

अक्का कैरीची कोय बाजूला ठेवते. "झालं?"

"नाही झालं. वर्षभर साठलंय."

"मग चालता चालता बोल," म्हणून अक्का उठते आणि पायरी चढते. ट्रंक असते तिथून पायऱ्या निघाल्या आहेत, पांढरं कापड घातलेल्या, आराशीच्या. पण त्या संपत नाहीत. दोन जिन्यांनंतर फिनेलचा वास येतो, भिंतीला लोखंडी कठडा लागतो आणि पांढरे कपडे घातलेल्या नर्सबाई हातात पन्ह्याचे पेले घेऊन खाली उतरतात. पायरीपायरीवर पुस्तकं उघडी आहेत. बेडकांची वरात जाते, कलिंगडाची होडी जाते. पमाला धाप लागते, अक्का मात्र भराभर चढते आहे.

"आता नाही लागत वाटतं दम?"

"नाही लागत. फार बरं असतं."

"तोंड वर करून सांगते आणि! तुझ्या मागे दाजी एकवेळ जेवतात. पोरगी येते ती रडायला. आणि तू बरी!"

"ओळख," अक्का म्हणते, "यंदा कुठली वस्तू चुकीची ठेवलीय?"

"मी काय गल्लीतलं पोर आहे?"

"ओळख म्हटलं ना."

पमा रागारागानं बघते. एका पानावर चुलीपाशी बसलेल्या दोन चिमण्या आहेत, एक खीर ढवळणारी, एक नुसती बघणारी. त्याच्यापुढे इस्पितळाची फाईल.

"ही. ही फाईल. हिचं इथे काय काम?"

"ती बरोबर जागी आहे," अक्का म्हणते. "नीट आठव."

आणि जिना संपतो तो सरळ स्वयंपाकघरात. गेल्या वर्षीच्या चैत्रातलं स्वयंपाकघर. ओट्यावर वाटलेल्या डाळीचं पातेलं, वर फोडणी नुकती पडलेली, हिंगाचा वास घमघमतो आहे. झोपाळ्यावरची गौर दारातून दिसते. पमा ओट्याशी उभी आहे आणि तळहातावर डाळ घेऊन चाखते आहे. अक्का मागे खुर्चीवर, मांडीवर फाईल. फाईलची दोरी ती बोटाला गुंडाळते आहे, सोडते आहे. तेव्हा ते पमाला दिसलं नव्हतं, आता दिसतं.

"पमे," खुर्चीवरची अक्का म्हणते, "डॉक्टर म्हणतायत ह्याच आठवड्यात भरती व्हा."

पुढचं पमाला ऐकायचं नाही. ती कानांवर हात ठेवते. पण बोलायचं तिलाच आहे, आणि तोंड आपसूक उघडतं.

"अगं, महिन्यानं काय होतंय? डॉक्टर काय, घाबरवतातच. गौर उठल्यावर बघू. आणि ही डाळ अळणी झालीय बघ."

पंखा कुरकुरतो. कुठला, कळत नाही.

"हे तुझं वाक्य आहे, माझ्या पानापुढे ठेवलेलं," अक्का म्हणते. आता ती अगदी जवळ उभी आहे आणि रागानं तिचं नाक लाल झालंय, लहानपणी व्हायचं तसं. "तू म्हणालीस, मग मी डॉक्टरांनाही तेच सांगितलं. मी घाबरले होते पमे. तुला विचारलं ते तू ओढून नेशील म्हणून. चल म्हणाली असतीस तर मी होते तशी निघाले असते, चपलासुद्धा घालायला थांबले नसते. आणि तू मीठ बघत होतीस!"

"मग तुला पाय नव्हते?" पमाही आवाज चढवते. "पासष्ट वर्षांची घोडी! धाकट्या बहिणीनं हो म्हणावं म्हणून थांबलीस? मला काय डॉक्टरी कळते? मला ती आरास हवी होती. वर्षाकाठी तेवढा एक महिना मी तुझ्याकडे राहायची. तो मला हवा होता, म्हणून बोलून गेले. मला काय ठाऊक..." आणि पुढे तिला रडू फुटतं, पण रागाचंच.

अक्का तिला थोपटत नाही. "माझी चूक माझी आहे. ती मी माझ्याबरोबर नेली. तुझी तू माझ्या पोरीच्या गळ्यात का बांधलीस? ती मला शिव्या देत झोपते आणि शिव्या देत उठते. मी तिला उत्तर देऊ शकत नाही. तू देऊ शकतेस."

"सांगितलं तर ती माझं तोंड बघणार नाही."

"नाही बघणार कदाचित."

"मला तीच एक उरलीय आता."

"मलाही तीच एक आहे," अक्का म्हणते.

"माझ्याच्यानं नाही होणार."

अक्का पुढे होते, पमाच्या दंडाचं मांस आतल्या बाजूनं चिमटीत धरते आणि पीळ देऊन असा चिमटा काढते की डोळ्यांपुढे काजवे चमकावेत.

"आई गं!" प्रमिलाबाई ओरडतात.

माजघर. ट्रंक. पंखा. ऊन दारापर्यंत आलंय, म्हणजे अर्धा तास तरी गेला. कोण म्हणतं झोप लागली होती! बाई पदर सावरतात आणि हात जवळ ओढून घेतात, कारण दंड ठणकतो आहे. पोलक्याची बाही वर करून बघतात तर आतल्या बाजूला, जिथे ट्रंकेची कडीही लागणार नाही आणि कोयंडाही, तिथे दोन नखांची खूण आहे. मधलं मांस लालबुंद, कडेनं काळंनिळं व्हायला लागलेलं.

"मेली तरी हात तसाच," बाई पुटपुटतात.

त्या उठतात. गुडघे कुरकुर करतात. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहतात. ऋजुता पाठमोरी आहे. आईसारखीच डाव्या खांद्यात जरा वाकून किसते आहे. बाईंना वाटतं, परत फिरावं. आज सांगितलं नाही तर कुणाला कळणार आहे? वर्ष तर सरत आलं. पण दंड ठसठसतो.

"ऋजुता."

"मी डाळ करणारच आहे मावशी. तू नको खाऊस."

"तुझ्या आईनं मला सांगितलं होतं."

किसणी थांबते.

"इथेच. तू उभी आहेस तिथे मी उभी होते. ती म्हणाली, डॉक्टर भरती व्हा म्हणतायत. मी म्हटलं, महिन्यानं काय होतंय. गौर उठल्यावर बघू. ते आधी मी म्हटलं होतं. तिनं नाही."

ऋजुता वळते. तिच्या बोटांना कैरीचा रस लागलाय, तो ओघळून मनगटावर येतो आणि ती पुसत नाही. ती मावशीकडे बघते. बाई खाली बघत नाहीत. एवढं तरी आपण करावं असं त्यांना वाटतं.

"वर्षभर," ऋजुता म्हणते. "वर्षभर मी आईशी भांडतेय मावशी. रोज. एक दिवस सोडला नाही मी तिला."

"माहीत आहे."

"माहीत होतं तुला?"

"होतं," प्रमिलाबाई म्हणतात. "आता माझ्याशी भांड."

ऋजुता हातातली कैरी ओट्यावर आपटते आणि भांडायला लागते.