'चार'मधला 'र'

आमच्या मामाला सगळे 'झाडू' म्हणत. रेकॉर्डिंगमधला कचरा काढणं हे त्याचं काम. खोकला, खुर्चीची करकर, गायकाने गिळलेला आवंढा. मामाच्या हाताखालून गेलेलं गाणं लख्ख व्हायचं. मामी म्हणायची, "घरात कप विसळत नाही, आणि बाहेर याचं नाव झाडू!"

छापखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत त्याचा स्टुडिओ. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. तिथे हेवी मेटल वाजवणारे चौघं यायचे. "लोखंडाचं दुकान जिन्यावरून खाली सोडलंय," मामा कुरकुरायचा, आणि त्यांच्यासाठी चहा टाकायचा. ड्रम वाजवणारा चौघांत सर्वांत अबोल. त्याला 'हातोडा' म्हणत. वेल्डिंगचं काम करायचा, मोठ्या बहिणीकडे राहायचा. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं.

हातोडा कामावरच गेला, शिडीवरून पडून.

बँडचं नवं गाणं एकही पुरं झालेलं नव्हतं. सरावाला वाजवलेली दुसऱ्यांची तीन गाणी होती आणि एका कार्यक्रमात रेकॉर्ड झालेली स्वतःची दोन. "एवढंच काढू," गिटारवाला म्हणाला. "पाच गाण्यांची छोटी ईपी. त्याच्या नावाने."

मामाने तीन आठवडे घातले. इतका जीव ओतून त्याने कुणाचंच काम केलं नसेल. संपल्यावर, नेहमीच्या सवयीने, कच्च्या फाइली पुसून टाकल्या.

हातोड्याची ताई ऐकायला आली ती थेट ऑफिसातून, गळ्यातलं ओळखपत्र तसंच. हेडफोन लावून पाचही गाणी ऐकली. मग म्हणाली, "दादा, तो कुठे आहे?"

"हे सगळे ड्रम त्याचेच, ताई."

"ड्रम नाही हो. आवाज. सुरू करताना मोजायचा ना, एक, दोन, तीन, चार? घरात तोंडातून शब्द फुटायचा नाही त्याच्या. इथे तेवढा तरी ऐकू येईल, म्हणून आले."

मामाचा चेहरा उतरला. गाण्याआधीची मोजणी म्हणजे त्याच्या लेखी कचराच. पाचही गाण्यांची त्याने कापली होती.

"मी काढलं ते."

"मग परत घाला की."

"पुसून टाकलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "असू दे," ती म्हणाली, "तुमचं कामच ते." आणि पर्स शोधू लागली.

"थांबा." मामाने चौथं गाणं लावलं. कार्यक्रमातलं. "इथला 'चार' झांजेत अडकला होता. पुरता कापता आला नाही."

तिने कान लावला. झांजेच्या आवाजाआड कुणीतरी ओरडत होतं, पण अख्खा शब्द नाही, नुसता 'र'.

"पुन्हा लावा."

मामाने लावायच्या आधीच तिने मोजायला सुरुवात केली. "एक... दोन... तीन..." ती चारला पोचण्याआधीच 'र' येऊन गेला.

"मेला, सगळ्यात घाई," ती म्हणाली. डोळे पुसले नाहीत. "जेवायचाही असाच."

दुसऱ्या वेळी तिने भराभर मोजलं, ड्रमच्या काठ्या धरल्यासारखी दोन्ही हातांच्या मुठी वळून. "एक, दोन, तीन, चा..."

'र', आतून.

मामाने न विचारता परत लावलं.