कानाला पोचलेला हात

माझे हात लांब आहेत. आता छत्री टांगायला बरे पडतात, पण या हातांनी माझं वाटोळं केलं, तेही मी चार वर्षांचा असताना.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहराजवळच्या आमच्या गावात पोराचं वय गुरुजी मोजत. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायचा. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं, जन्म एक जुलै. माझा हात कान ओलांडून थेट गालाला लागला. गुरुजी खूश, मी त्याहून खूश! टाळ्या पडल्या, म्हणून मी दुसरा कानही धरून दाखवला. रजिस्टरात माझं वय पावणेदोन वर्षांनी वाढलं.

हिशेब चुकता झाला तो ऐंशीच्या दशकात. नाकेदाराची, म्हणजे वनरक्षकाची भरती निघाली. सात वर्षं मी जंगलखात्यात रोजंदारीवर बांबू मोजत होतो. सवलत धरून वयाची अट तिशीची, आणि रजिस्टरात मला तिशी ओलांडून सहा महिने झालेले. खरं वय अठ्ठावीस. पुढची भरती कधी निघेल, कोणालाच ठाऊक नव्हतं.

जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज आणि मायला घेऊन मी चंद्रपूरचं शिक्षणाचं ऑफिस गाठलं. टेबलामागे पिकल्या मिशांचे बाबू होते. मायने पदर खोचला.

"भाऊ, छप्पन साली इथंच चांद्याले बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवा हा माह्या पोटात तीन महिन्याचा होता. चैतात मोहफुलं पडत होती तवा झाला. अन् तुमचं रजिस्टर म्हनते का दीक्षेच्या वक्ताले तो सव्वा वर्षाचा! मंग माह्या कडेवर कोन होतं?"

बाबूंनी चष्मा काढला. "बाई, मी बी होतो त्या मैदानात. मले पटते. पन रजिस्टराले नाई पटत. दाखला आहे का?"

"पोटाचा दाखला कोन देते, भाऊ?"

सगळं ऑफिस हसलं. मला तेवढंच पुरे. मी उभा राहिलो, हात डोक्यावरून घेतला आणि भर ऑफिसात गाल धरून दाखवला. "साहेब, असं मोजलं होतं! गुरुजी जिवंत आहेत, लिहून देतात म्हणाले."

बाबू हसता हसता थांबले. "गुरुजीनं चुकलं म्हनून लिहून देल्लं, तं त्यायच्या हातच्या साऱ्या पोरायचं वय चुकलं. कोनाकोनाचं बदलवू? अन् नियम असा हाय का, शाळेत असतानाच अर्ज कराले पाह्यजे. तवा काऊन नाई आला?"

"तवा मले लिहिता येत नव्हतं, साहेब."

या वेळी कोणी हसलं नाही. बाबूंनी अर्जावर 'शाळा सोडल्यानंतर दुरुस्ती नाही' असं सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, आणि मायला बसायला स्वतःची खुर्ची दिली. चहाही पाजला. त्या माणसाला शिव्या घालायचीही सोय उरली नाही.

एसटी स्टँडवर मायने पिशवी खाली ठेवली. मग माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "तुले म्या जनलं. माह्यापेक्षा त्या कागदाले जास्त ठाऊक?"

मूलची गाडी लागली, मी मायची पिशवी उचलली आणि आम्ही चढलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बांबू मोजायला गेलो.