ढेकूण आणि औषधवाला

सोनईत माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक पिशवीतून किडकं पान आणतं, मी चष्मा कपाळावर सरकवून पान उलटं करतो आणि निकाल देतो. उसावर लोकरी मावा, कपाशीवर तुडतुडे, सीताफळावर पिठ्या ढेकूण. "दिसायला निराळे, पण खानदान एकच. सगळे सोंड खुपसून रस पिणारे," हे माझं आवडतं वाक्य. लोक मान डोलावतात. त्यांना औषध हवं असतं, खानदान नको, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

या रसपित्यांवरचं औषध मी इतकं खपवलं, की कंपनीनं मला फुकट सहलीला नेलं. लॉजवर झोपलो, बॅग भरली आणि ताठ मानेनं घरी आलो. पुढे काही आठवड्यांनी बायकोनं गादीची शिवण फाकवून माझ्यापुढे धरली. आत त्याच खानदानातले ढेकूण, लॉजवरून माझ्या बॅगेत बसून आलेले, सहकुटुंब. आमच्या पोरीच्या पहिल्या बाळंतपणाची तयारी चालली होती आणि घरात हे पाहुणे आधीच येऊन बसलेले.

मी तडक दुकानातला औषधाचा डबा आणला. बायको दारात आडवी उभी राहिली.

"पोरगी बाळंतपणाला यायचीय आन् शेतातलं इखारी औषध घरात फवारता व्हय?"

हेच मी गिऱ्हाइकांना रोज बजावतो. तिला मात्र म्हणालो, "मला शिकवू नको." डबा परत गेला.

उरला उपाय उन्हाचा आणि उकळत्या पाण्याचा. पण गाद्या गच्चीवर नेल्या, की शेजारी विचारणार. औषधवाल्याच्याच घरात ढेकूण! छे. मी दारं लावून पलंगाच्या सांध्यांत किटलीनं पाणी ओतत बसलो. माझे पाय पोळले, ढेकूण मजेत राहिले. शेवटी अक्कल पाजळून पोरीला फोन लावला.

"घर रंगवायला काढलंय. वास सोसायचा न्हाई तुला. सासरीच ऱ्हा की बाळंतपणाला."



"पप्पा, मी नकोशी झाले का तुमाला?"

इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. "अगं, ढेकूण झालेत घरात," मी एका दमात सांगून टाकलं.

ती हसत होती की रडत होती, मला कळेना.

"मग ढेकणं हाकला की! मला का हाकलता?"

मी फोन ठेवला. गादी खांद्यावर घेतली आणि भर दुपारी अंगणातून जिन्याकडे निघालो. शेजारी ओट्यावरच बसले होते.

"काय हो, गादीला काय झालं?"

"ढेकूण," मी म्हणालो. "लई झालेत. जरा दुसऱ्या टोकाला हात लावा. पोरगी यायचीय."