गोल टाकीची काठी

शहागडच्या गॅरेजात नातवाच्या ट्रकला डिझेल मोजायचा सेन्सर बसवला. मेकॅनिक मापानं डिझेल ओतून आकडे भरून राह्यला होता. त्या वासानं मी निजामाच्या राज्यातल्या परतुरात पोचलो.

तिथं मी मालकाची लॉरी चालवायचो. टाकीत बुडवायच्या काठीवर त्यांनीच सारख्या अंतरावर खुणा केल्त्या. एका सकाळी भर बाजारात काठी बुडवून म्हणले, "पेट्रोल चोरतोस तू!"

मी तिथंच टाकी रिकामी केली. एकेक गॅलन ओतत चाकूनं कोऱ्या काठीवर खुणा पाडल्या. तळाशी त्या लांब-लांब पडल्या, मधे दाट.

"टाकी आडवी अन् गोल हाय मालक. तळाला थोडं पेट्रोल जळलं तरी तुमची काठी झपाट्यानं उतरती. चोर काठी हाय, मी न्हाई."

मालक नरमले. "बरं, दे ती नवी काठी."

"तुमची तुम्ही बनवा," म्हणत मी लॉरी सुरू करायचं हँडल त्यांच्या पायाशी टाकलं अन् काठी घेऊन निघालो.

काठी अजून माझ्या उशाला हाय.